बुधाजीची पाठवणी

खरवईतला बुधाजी एकदा मेला होता, आणि ही बातमी त्याला स्वतःला सोडून सगळ्या गावाला लागली होती.

झालं असं, की पावसाळा सरता सरता ओटीवरच्या खाटेवर चहा पीत असताना तो छातीला हात लावून कलंडला. हरेशने, त्याच्या मुलाने, त्याला गाडीत घातलं आणि उल्हासनगर गाठलं. तिथल्यांनी बघून पुढे मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. मोठ्या हॉस्पिटलातले डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, "नातेवाइकांना बोलावून घ्या." हे वाक्य तिथून निघून खरवईला पोचेपर्यंत त्यातले नातेवाईक वाटेत गळून पडले आणि 'बुधाजी गेला' एवढंच उरलं. गावच्या ग्रुपवर फोटोसकट श्रद्धांजली पडली. तिच्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. हरेशच्या एका उत्साही मित्राने तर रातोरात फ्लेक्सही छापून आणला, आणि त्यात बुधाजीच्या फोटोपेक्षा स्वतःचा फोटो थोडा मोठा ठेवला.

इकडे बुधाजीने डोळे उघडले आणि नर्सला विचारलं, "माजा चा थंड झाला असंल ना?"

मग सगळ्यांची निस्तरायची धावपळ उडाली. ग्रुपवरचा मेसेज पुसला गेला. ज्यांनी हात जोडले होते त्यांनी आता फुलं आणि फटाके पाठवले. फ्लेक्सचं कापड चांगलं दणकट होतं. हरेशचा रेती, विटा आणि सिमेंटचा धंदा, त्यामुळे ते उलटं करून अंगणातल्या सिमेंटच्या गोण्यांवर झाकण म्हणून गेलं. पुढे एकदा वाऱ्याने त्याचा कोपरा उचलला आणि बुधाजीला खालून आपलंच तोंड दिसलं. त्याने आजूबाजूला बघून कोपरा नीट खोचून टाकला. फोटो बरा आला होता, असं त्याला वाटलं.

पण घरी आलेल्या बुधाजीला सुखाने जगू देतील तर ती माणसं कसली! मीठ बंद, सुकी मासळी बंद, मटणाचं नाव काढायचं नाही. आणि तो झोपला, की कुणीतरी हळूच येऊन त्याच्या नाकापाशी बोट धरायचं. कधी हरेश, कधी सून संध्या, कधी नात भाविका. श्वास लागतोय बघितलं, की पाऊल न वाजवता परत जायचं. बुधाजी डोळे मिटून सगळं ओळखायचा. संध्याच्या बोटाला लसणाचा वास यायचा, हरेशच्या बोटाला सिगारेटचा. बोट येणार म्हणून तो जागा राहायचा, आणि जागा राहिला की भीती वाटायची. एकदा दार वाजवून गेलेलं मरण परत येतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तोंडाने मात्र तो कुणाला बोलला नाही.

दिवाळी झाली आणि गेली ती बनूबाई, त्याची बायको.

तिला कधी साधा ताप माहीत नव्हता. हॉस्पिटलात नवऱ्याच्या उशाशी तीच बसलेली होती, घरी आल्यावर त्याचं पथ्यपाणी तीच बघत होती. दुपारी परसात शेवग्याखाली बसून ती सुकट निवडत होती, आणि तशीच बुंध्याला टेकली. बुधाजी ओटीवरून पाण्यासाठी हाका मारत होता. उत्तर येईना तसा तो चिडला आणि जोरात ओरडला. ती शेवटची चिडकी हाक त्याच्या मनातून काही केल्या जाईना. बोलावणं माझं होतं आणि माझ्या जागी ही गेली, असं त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. हे ऐकून कुणी समजूत घालायला लागलं असतं, म्हणून त्याने हेही आपल्यापाशीच ठेवलं.

भाविकाचं लग्न आधीच ठरलेलं. मुलगा प्रीतम, अंबरनाथच्या बाजूचा, आनंदनगरच्या एका कारखान्यात कामाला, सरळ वळणाचा. घरात माणूस गेलं की वर्षाच्या आत कार्य उरकून घ्यावं, म्हणून उन्हाळ्यातली तारीख धरली. हरेशने उल्हासनगरच्या कॅम्प पाचच्या बाजारातून स्वतःसाठी असा काही चकचकीत कोट आणला, की नवरदेवाने मनाला लावून घेतलं असतं. डीजे ठरला, लग्नाचं लॉन ठरलं. त्यात बुधाजीने आपली एकच गोष्ट लावून धरली.

"हलदीला पुतलावयनी पायजे," तो म्हणाला.

"बाबा, आता कोण ऐकतं ते? डीजेवाल्याकडे सगळी गाणी आहेत."

"डीजेवाल्याकडं तुजे आयचं नाव हाय का?"

हरेशने डीजेवाल्याला फोन लावून हळदीत थोडा वेळ थांबायला सांगितलं.

पुतळाबाई म्हणजे बुधाजीच्या चुलत भावाची बायको, वयाने त्याच्याहून थोरली. गावातली ती शेवटची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन देवादिकांना बोलावणारी, विधी लावणारी जी बाई, ती धवलारीण. पुतळाबाईकडे आणखी एक रीत होती, तिच्या सासूकडून आलेली. शेजारच्या गावात तशी कुणी करत असेल की नाही, कोण जाणे. हळदीच्या संध्याकाळी ती सुपात तांदूळ घेऊन मांडवात बसायची आणि त्या घरातल्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलवायची. प्रत्येकाला त्याच्या जागेवरून. कुणी मिठागरावर राबलेलं, कुणी नदीवर बुडालेलं, कुणी झाडाखाली बसून दिवस काढलेलं. आणि लग्न होऊन मांडव उतरवायच्या दिवशी त्याच क्रमाने पुन्हा नावं घेऊन, त्या त्या दिशेला तांदूळ टाकून, प्रत्येकाला त्याच्या त्याच्या जागी परत पाठवायची. बोलावलं त्या प्रत्येकाला निरोप द्यायचा, एकही नाव गाळायचं नाही. नाहीतर गाळलेला माणूस आल्या घरी घुटमळत राहतो, धड इथला नाही आणि धड तिथला नाही.

पुतळाबाईला अक्षरओळख नव्हती. नावं एकामागे एक अशी तोंडात बसलेली. कुणी गेल्याचं कळलं, की त्या संध्याकाळी ती चुलीपुढे बसून पहिल्यापासून सगळी नावं म्हणायची आणि नवं नाव शेवटाला बसवून टाकायची. मग पुढच्या लग्नापर्यंत त्याचा विचारही नाही.

हळदीच्या संध्याकाळी मांडव माणसांनी भरला. भाविका पाटावर बसली, बायकांनी तिला हळद लावून पिवळी केली. कुणीतरी बुधाजीच्या गालालाही हळद फासली. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून तो पहिल्यांदाच जरा खुशीत होता. डीजे थांबवला गेला. पुतळाबाईने सूप मांडीवर घेतलं, डोळे मिटले आणि सूर लावला.

"मिठागरावरचा धर्माजी, ये रं बा, मांडवान ये. चिंचेखालची सोनाबाय, ये गो बाय, मांडवान ये."

धर्माजी बुधाजीचा आजा, सोनाबाई त्याची आई. मधली कितीतरी नावं सुरात येऊन गेली. म्हाताऱ्या माणसांनी डोळे टिपले, पोरांनी मोबाइल वर धरले.

"नदीवरचा हरिचंद्र, ये रं बा, मांडवान ये." हा बुधाजीचा थोरला भाऊ.

"ओटीवरचा बुधाजी, ये रं बा..."

"ओ," बुधाजी म्हणाला.

आपल्या नावाने हाक आली तर माणूस ओ देतो, त्यात त्याची काय चूक? ओ देऊन तो अर्धवट उठलाही, कोण कशाला बोलावतंय ते बघायला. आणि मग मांडवातल्या सगळ्यांची तोंडं बघून आपण कुणाच्या रांगेत ओ दिली ते त्याच्या लक्षात आलं. पुतळाबाई आपल्या सुरातच होती.

"...मांडवान ये. शेवग्याखालची बनूबाय, ये गो बाय, मांडवान ये."

तिने डोळे उघडले. समोर हळद लावलेला बुधाजी, ना धड उभा ना धड बसलेला. सुपातले तांदूळ सांडले.

"अगो माजे बाय," ती म्हणाली, "मी ह्यो काय करून बसलू."

सगळा घोटाळा तिथेच उलगडला. बुधाजी गेल्याची बातमी आली त्या संध्याकाळी तिने त्याचं नाव बसवून टाकलं होतं. तो परत आला तेव्हा तिला आनंद झाला, तिने त्याच्यावरून मिठमोहऱ्याही उतरवल्या, पण नावाचं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. पुढे बनूबाई गेली, तिचं नाव त्याच्यामागे बसलं. मेसेज पुसला गेला, फ्लेक्स उलटा झाला, पण पुतळाबाईच्या तोंडातलं नाव जिथल्या तिथे राहिलं.

हरेश तिच्या अंगावर धावून गेला. "दिमाग ठिकाणावर आहे का काकी? पोरीच्या हळदीत बापाला मारून टाकला माझ्या?" पुतळाबाई सुपात तोंड घालून रडायला लागली. बायका कुजबुजायला लागल्या. भाविकाचा चेहरा हळदीच्या आतून पांढरा पडला, आणि तो बघून बुधाजीने स्वतःला सावरलं.

"ए डीजे," तो ओरडला, "वाजीव रं. जेवनाला उशीर होतंय."

डीजे वाजला, माणसं नाचली, मटणाची पंगत बसली. बुधाजीने आपला बिनमिठाचा भात खाल्ला. त्या रात्री त्याच्या नाकापाशी इतकी बोटं येऊन गेली, की शेवटी त्याने डोळे उघडून संध्याला सांगितलं, "जिता हाय. जा, नीज."

सकाळी उठून बघतो तर खरंच जिवंत. ऊन नेहमीसारखं ओटीवर आलेलं, चहा गोड. ज्याची एवढे महिने भीती वाटत होती ते सगळ्या गावासमोर मोठ्याने बोलून झालं होतं, आणि काही झालं नव्हतं. त्याला हलकं वाटलं. पण चहा संपेपर्यंत दुसरी गोष्ट डोक्यात आली आणि हलकेपणा गेला. आवतण झालं, ओसुद्धा दिली. आता मांडव उतरवायच्या दिवशी निरोप असणार. पुतळाबाईने नाव घेतलं, तर ती त्याला मेलेल्यांबरोबर पाठवणार. नाव गाळलं, तर तो आवतणाला आलेला आणि निरोप न मिळालेला, आपल्याच घरात घुटमळणारा. दोन्हीकडून तो अडकला होता.

हे त्याने विष्णुपंतांना सांगितलं. विष्णुपंत आनंदनगरच्या कारखान्यातून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, आणि ज्या इमारतीत राहायचे ती बुधाजीच्या विकलेल्या शेतावर उभी होती. इमारतीच्या कुंपणाला लागून एक बाकडं होतं. आपली जमीन बघायला एक म्हातारा तिथे यायचा आणि घरात करमत नाही म्हणून दुसरा यायचा, अशी त्यांची दोस्ती जमली होती.

"बुधाजीराव, हे सगळं मनाचे खेळ आहेत," विष्णुपंत म्हणाले.

"व्हय. पन मन माजं हाय ना पंत."

विष्णुपंत बाकड्यावर जरा सरकून बसत म्हणाले, "तुमच्याकडे किती मागचे लोक बोलावतात हो! आमच्याकडे श्राद्धाला तीन पिढ्या. बाप, आजोबा, पणजोबा. चौथा माणूस गेला की सगळ्यात जुना बाहेर. आणि आमचा मुलगा, राजस, तर तेवढंही करील की नाही, देव जाणे." हे ऐकून बुधाजीच्या ध्यानात आलं, की हा माणूस मगाशी मनाचे खेळ म्हणाला तो स्वतःही त्यातून सुटलेला नाही. त्याला पंतांबद्दल एकदम माया वाटली.

हरेशचा उपाय सोपा होता. "काकीला बोलवायचंच नाही. नायतर सांगायचं, ते एक नाव स्किप कर. त्यात काय आहे?"

नाव गाळलं तर काय होतं ते बुधाजीला ठाऊक होतं. पण घरात घुटमळणं त्याला तितकंसं वाईट वाटेना. तसाही इतके दिवस तो तेच करत होता. तेव्हा तो हेच सांगायला पुतळाबाईकडे गेला. ती दारात बसली होती, डोळे सुजलेले. तिने त्याला बसायला पाट दिला आणि काही बोलायच्या आधीच म्हणाली, "कालपासना तेच करतंय. तुजा नाव काडाला बगतंय. निगत नाय."

"म्हनून बग माजेसमोर."

ती म्हणायला लागली. धर्माजी आला, सोनाबाई आली, सगळे आले. "नदीवरचा हरिचंद्र" झालं आणि ती थांबली. तोंड उघडं, पण पुढे काही येईना. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा हरिचंद्रापाशी येऊन गाडी अडली. बुधाजीने मदत केली, "शेवग्याखालची," म्हणाला. पुतळाबाईने मान हलवली.

"तसा नाय येत रं. एकाचा हात धरून दुसरा येतो. बनू तुजे पाठी हाय. तू आलास त ती येल. तू नाय त ती नाय."

बनूबाई आयुष्यभर त्याच्या मागून चालली होती. बाजाराला जाताना, जत्रेला जाताना तो पुढे, ती मागे पिशवी घेऊन, आणि 'जरा हळू चाला' म्हणून ओरडत. तो कधी हळू चालला नव्हता. आता त्याचं नाव काढलं, तर बनूबाईला ना आवतण राहणार होतं ना निरोप, पुढच्या कुठल्याच लग्नात. ती शेवग्याखालीच बसून राहणार, आणि कुणी तिला हाक मारणार नाही. एक चिडकी हाक मात्र मारून झाली होती.

"घे," तो म्हणाला.

"काय घेऊ?"

"माजा नाव घे. निरोपान घे. व्हयल त्या व्हयल."

"आनि तुला काय झाला त?"

"कवातरी व्हयलच ना वयनी. तवा तू नवीन कायतरी बसवनार हायस का? याच जाग्यावर हाय मी."

तो काही मोठा धीराचा माणूस नव्हता, आणि घरी परतताना वाटेत दोनदा त्याला वाटलं की मागे फिरावं आणि नको म्हणून सांगावं. पण तो मागे फिरला नाही.

लग्न झालं. छान झालं. हरेशच्या कोटाचं कौतुक झालं, प्रीतमने उखाणा अर्धा विसरून तसाच पुढे रेटला. भाविका निघाली तेव्हा आजोबाच्या गळ्यात पडून इतकी रडली, की शेवटी तोच तिला म्हणाला, "अंबरनाथ काय लांब हाय गो?" पण तिच्या रडण्यात सासरी जाण्याचं दुःख कमी आणि दुसरीच धास्ती जास्त होती, हे दोघांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मांडव उतरवायचा होता. पुतळाबाई सूप घेऊन आली. हरेशने दारातच तिला अडवलं, तेव्हा बुधाजी त्याला म्हणाला, "मीच बोलवलाय." हरेशने बापाच्या तोंडाकडे बघितलं आणि बाजूला झाला. मग मात्र तो येऊन बुधाजीला चिकटून उभा राहिला आणि त्याचा दंड धरून ठेवला. सदऱ्याच्या आत बोटं रुतत होती. लहानपणी जत्रेच्या गर्दीत हा पोरगा असाच धरून चालायचा, हे बुधाजीला आठवलं. विष्णुपंतही आले होते, सहज आलो म्हणत.

पुतळाबाई मांडवाच्या मधोमध उभी राहिली, घराकडे पाठ आणि बाहेर तोंड.

"मिठागरावरचा धर्माजी, मिठागरावर जा रं बा, सुखान जा." मूठभर तांदूळ खाडीच्या दिशेला गेले. "चिंचेखालची सोनाबाय, चिंचेखाली जा गो बाय, सुखान जा." चिंच कधीच तोडली गेली होती. तांदूळ विष्णुपंतांच्या इमारतीच्या दिशेला उडाले.

"म्हणजे आमच्या पार्किंगमध्ये," विष्णुपंत हळूच पुटपुटले. कुणी हसलं नाही.

एकेक जण निघाला. कुणी विहिरीवर, कुणी खदानीवर, कुणी बांधावर. हरिचंद्राला नदीवर पाठवलं. हरेशची पकड घट्ट झाली. संध्याने पदर तोंडाशी नेला.

"ओटीवरचा बुधाजी," पुतळाबाई म्हणाली, आणि मूठ वर करून थांबली.

मूठ वरच्या वर राहिली. तिला दिशा सापडेना. तिने खाडीकडे बघितलं, नदीकडे बघितलं, इमारतीकडे बघितलं. बाकी सगळ्यांच्या जागा बाहेर होत्या. त्या संध्याकाळी चुलीपुढे बसून तिने बुधाजीसाठीही जागा शोधली होती. शेतावरचा म्हणावं, तर शेत विकलेलं. बांधावरचा म्हणावं, तर बांध कुठे उरला होता? मग जिथे त्याला रोज बघत होती तीच जागा तिने देऊन टाकली होती. आणि ओटी तिच्या पाठीमागे होती.

पुतळाबाई वळली. उभ्या जन्मात ती निरोप देताना घराकडे वळली नव्हती.

"ओटीवर जा रं बा," ती म्हणाली, "ओटीवर जा, खाटेवर बस, सुखान बस."

तांदूळ ओटीवर पडले. अर्धे खाटेवरच्या गोधडीवर, अर्धे जमिनीवर. तिने लगेच दुसरी मूठ भरली, आणि नाव आपसूक आलं.

"शेवग्याखालची बनूबाय, शेवग्याखाली जा गो बाय, सुखान जा." हे तांदूळ घराच्या कडेने परसात गेले. खाटेपासून शेवगा काही लांब नव्हता. एक हाक ऐकू जाईल एवढाच.

मग हरेशच्या घशातून एक विचित्र आवाज आला. तो हसतोय की रडतोय ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. त्याने बापाचा दंड सोडला. बुधाजी तिथेच उभा होता.

"उबा का?" पुतळाबाई खेकसली. "निरोप दिला ना तुला? जा ना मंग."

बुधाजी गेला. मांडवातून निघाला, पायरी चढला आणि ओटीवर येऊन आपल्या खाटेवर बसला. सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याला थोडं लाजल्यासारखं झालं आणि फार, फार बरं वाटलं. जायचं होतं तिथे तो जाऊन पोचला होता. पुढच्या लग्नातही त्याला इथूनच बोलावलं जाईल आणि इथेच परत पाठवलं जाईल, मग तो ओ देणारा असो की नसो. हे कळल्यावर त्याच्या अंगातला एवढ्या महिन्यांचा ताण एकदम सैल झाला. त्याने परसाकडे तोंड केलं.

"बने," त्याने हळू हाक मारली, अजिबात न चिडता. उत्तर आलं नाही, पण या वेळी त्याने वाटही बघितली नाही.

मांडवाचे बांबू उतरायला लागले. पुतळाबाई घाम पुसत पायरीवर बसली, तसे विष्णुपंत तिच्याजवळ येऊन घुटमळले.

"बाई, एक विचारू का? समजा, एखाद्या परक्या माणसाला बोलवायचं झालं, तर त्याला जागा कुठली देता?"

पुतळाबाईने त्यांना वरपासून खालपर्यंत निरखलं. "तुमाला? बाकऱ्यावरचा पंत," ती म्हणाली. "पन घाई नाय ना?"

"नाही, नाही. घाई अजिबात नाही," विष्णुपंत म्हणाले, आणि बढती मिळाल्यासारखे ताठ चालत घरी बायकोला, उमाताईंना, सांगायला गेले.

संध्या सगळ्यांसाठी चहा घेऊन बाहेर आली. बुधाजीचा कप घेऊन ती ओटीवर गेली, तर तो तांदळाच्या दाण्यांवरच आडवा झाला होता, तोंड परसाकडे करून. सवयीने तिचं बोट पुढे झालं. एवढ्यात तो घोरला. हॉस्पिटलातून आल्यापासून या घराने त्याचं घोरणं ऐकलं नव्हतं. चांगलं खणखणीत घोरणं होतं, अंगणात बांबू मोजणाऱ्या हरेशलाही ऐकू गेलं आणि तो काम थांबवून ऐकत राहिला.

संध्याने बोट मागे घेतलं. कपावर बशी झाकली आणि कप खाटेखाली ठेवून दिला. थंड झाला तर दुसरा करता आला असता.